खुलासा : मोहितो हेमिंग्वेसाठी बनलेलं नाही

‘मोहितो हे पेय क्युबातल्या हवानाच्या ला बोदेगीता बारमध्ये खास अमेरिकन लेखक हेमिंग्वेसाठी जन्मलं’ असा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली, माफ करा.

तारखाच जुळत नाहीत. ला बोदेगीता बार सुरू करणाऱ्या मार्तिनेस यांनी त्या जागी दुकान घेतलं १९४२ साली. हवानाच्याच स्लॉपी जोज बारच्या १९३०च्या दशकातल्या पुस्तिकेत मात्र मोहितोची कृती छापलेली आहे : रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा. म्हणजे पेय आधीचं, दुकान नंतरचं. हेमिंग्वे क्युबात बरीच वर्षं राहिला हे खरं, पण त्याचं नाव घट्ट जोडलंय ते हवानाच्याच एल फ्लोरिदिता बारमधल्या दायकिरी या रमच्या दुसऱ्या पेयाशी.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.