दादा, तो दगड परत रोव

गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने फोटो टाकला. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या मळ्याच्या कोपऱ्यावरचा शिवेचा दगड उपटून बांधावर आडवा टाकलेला, मागे जेसीबी. खाली ओळ : 'इंग्रजांची शेवटची निशाणी काढली. आता मोजणी सॅटेलाइटवर.' चौदा जणांनी अंगठे दिले. मी तेव्हा इंग्लंडमधल्या इंगलबरो डोंगराच्या माथ्यावर ट्रिग पिलरच्या, म्हणजे जुन्या मोजणीच्या खांबाच्या आडोशाला बसून थर्मासमधला चहा पीत होते. तो घोट घशाखाली उतरेना.

इथे यॉर्कशरमध्ये माझा हा नाद आहे. ओएसचा, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा खात्याचा नकाशा घ्यायचा, चिखल तुडवत जायचं आणि जुन्या मोजणीचे खांब शोधायचे. आजवर 143 झाले. पहिला खांब 18 एप्रिल 1936 रोजी कोल्ड ॲशबीला वापरात आला, पुढे देशभर साडेसहा हजारांच्या आसपास उभे राहिले. सिमेंट, वाळू, पाणी, सगळं माणसांनी नि घोड्यांनी डोंगरावर चढवलं. डोक्यावरच्या पितळी खाचेत कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, बसायचं, आणि तिथून निदान दोन दुसरे खांब दिसायलाच हवेत असा दंडक. 1962 मध्ये ते मोजणीचं काम संपलं, मग जीपीएस आलं आणि खांब कुणाला लागेनासे झाले. तरी लोक सुट्टीच्या दिवशी पांढऱ्या रंगाचा डबा पाठीवर घेऊन चढतात आणि खांब रंगवून खाली येतात.

ग्रुपवर मी हेच लिहिलं, जरा चढ्या आवाजात. इथे बिनकामाचा खांब जपतात आणि आपण कामाचा दगड उपटतो, असं. इथलेही काही खांब शेतकऱ्यांनी पाडलेत, काही ढासळत्या कड्याबरोबर समुद्रात गेलेत, ते लिहायचं मी टाळलं.

दादाचं उत्तर आलं : 'तुझ्या खांबावर कुणाचं पोट नाही. इथे वीतभर बांधापायी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. आणि तू तर हक्कसोडीवर सही करून मोकळी झालीस. तुला काय त्याचं?'

आधी दगडाचं बोलते. तो इंग्रजांचा नव्हे. विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासला सुरू केलेली मोजणी वेगळी, ती देशाच्या नकाशासाठी. तो स्वतः 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. तिथे त्याची कबर आहे, आणि त्याचं अर्ध्या टनाचं यंत्र डोंगरोडोंगरी चढवणारे खांदे आपल्याच माणसांचे होते. शेताची मोजणी ती नव्हे. ती साऱ्यासाठी झाली, 33 फुटांच्या साखळीने. एका साखळीचे 16 आणे, आणि साखळीच्या चौरसाचा एक गुंठा. आपण आजही गुंठ्यात बोलतो ते तिथूनच. पण शिव त्याआधीची. इंग्रजांनी ती मोजली, ठरवली आपल्याच गावांनी. शिवेवर म्हसोबा कुणी बसवला?

आता सॅटेलाइट. रोव्हर, म्हणजे सॅटेलाइटवरून जागा सांगणारं यंत्र, घेऊन आलेला मोजणीदार आज आपण कुठे उभे आहोत ते बिनचूक सांगेल. पण हद्द तेव्हा कुठे ठरली होती, ते जुन्या टिपणात आहे, साखळी-आण्यांत. टिपण जमिनीवर उतरवायचं तर तो सगळ्यात आधी जुनी खूण विचारतो : विहीर, दगड, काहीतरी पक्कं. ती सापडली नाही की दोन्ही शेजारी आपापली जागा दाखवतात आणि पुढे तारखा. वीतभर बांधाची भांडणं तू म्हणतोस ना दादा, ती आवरायलाच दगड असतो. हद्दीची खूण मुद्दाम हलवली तर 1966 च्या महसूल अधिनियमात दंड आहे, तोही उगाच नाही.

एवढं मी ग्रुपवरही लिहिलं. 'तुला काय त्याचं' याला मात्र उत्तर दिलं नाही.

हक्कसोड मी राजीखुशीने केली. कुणी धाक घातला नाही, कुणी गोड बोलून फसवलं नाही. वडील गेल्यानंतरच्या दिवाळीत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा दिला, फोटो काढला, वहिनीने साडी नेसवली. मला वाटलं, राबतोय दादा, द्राक्षाचं कर्ज त्याच्या डोक्यावर, आपण कशाला नावापुरतं राहायचं? आजही तसंच वाटतं. फक्त त्यानंतर पासपोर्ट बदलला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आलं, आणि कळलं की मला आता शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तरच माझी. वारसा तर मी सोडलेला. त्या वर्षापासून मी डोंगरांवर खांब शोधतेय. नवऱ्याला वाटतं व्यायाम आहे. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते.

त्या 143 खांबांपैकी एकाला मी कधी हळदकुंकू लावलं नाही, लावावंसं वाटलंही नाही. रुमालाने पाणी पुसते, नंबर वहीत लिहिते, उतरते. शिवेच्या दगडाला आजी अवसेला शेंदूर लावायची, दहीभाताचा निवद ठेवायची, आणि वाटी धरायला मी असायचे.

दादा, सातबाऱ्यावर माझं नाव नको. दगड तेवढा परत रोव. खड्डा अजून बुजला नसेल, आणि बुजलाच असेल तर जागा मी सांगते. विहिरीच्या थारोळ्यापासून रामशेजकडे तोंड करून बत्तीस पावलं, मग जुन्या बोरीकडे वळून सात. पावलं नऊ वर्षांच्या पोरीची धर. शेंदराची बाजू उगवतीला होती.