काहीतरी हलकंफुलकं सुचवा ना!

घरात पुस्तकांचं एखादं कपाट आहे ही बातमी एकदा नातेवाइकांत फुटली की संपलं. उसने पैसे मागताना माणूस निदान चाचरतो तरी. "एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना" हे मात्र तो भर पंगतीत, वाढपी जिलबीचं ताट घेऊन डोक्यावर उभा असताना विचारतो. आणि उत्तर त्याला जिलबी पानात पडायच्या आत हवं असतं.

या वाक्यात 'पुस्तक' हा शब्द सोपा आहे. घोळ घालतो तो 'चांगलं'. वहिनी 'चांगलं' म्हणतात तेव्हा त्यांना शेवटी सगळे जिवंत हवे असतात. निवृत्त काकांना ज्यावरून सोसायटीच्या बाकावर दोन तास भांडता येईल ते चांगलं. कॉलेजातल्या पुतणीचं चांगलं म्हणजे दोनशे पानांच्या आत आटपणारं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवून फोटो काढला तर बरं दिसणारं. या तिघांनाही एकच नाव सांगणारा माणूस शूर तरी असतो किंवा त्याला त्या घरी पुन्हा जायचं नसतं.

'हलकंफुलकं' तर त्याहून फसवं. लोक विषयाबद्दल बोलतायत असं आपल्याला वाटतं. माझं ठाम मत असं की ते वजनाबद्दल बोलत असतात, फक्त त्यांना स्वतःला ते ठाऊक नसतं. हिशोब सोपा आहे. आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांची. कागद सत्तर जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणारा, धरला तर शंभर पानांमागे साधारण शंभर ग्रॅम पडतात. म्हणजे सातशेच्या वर पानांचं 'मृत्युंजय' पुठ्ठ्याच्या बांधणीसकट पाऊण किलोच्या पुढे जातं. उताणं झोपून, हात वर करून वाचणाऱ्याच्या हाती हे दिलं तर साहित्याचं काय होईल ते होवो, नाकाचं काय होईल ते मी आधीच सांगतो. डोळा लागतो त्या क्षणी बोटं सैल पडतात आणि कर्ण थेट नाकाच्या शेंड्यावर कोसळतो. आडव्या वाचकाला अडीचशे ग्रॅमच्या वर काही सुचवू नये. सुचवायचंच असेल तर पोटावर उशी, उशीवर पुस्तक आणि कुशीवर वळायला बंदी, ही पथ्यंही सोबत सांगावीत.

लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याचं गणित वेगळं. त्याचा एक हात कडीला असतो, त्यामुळे पुस्तक एका हातात मावलं पाहिजे आणि अंगठ्याने पान उलटलं पाहिजे. इथे बांधणी महत्त्वाची. नुसतं गोंदाने चिकटवलेलं जाड पुस्तक सारखं मागे मोडून धरलं की कणा तडकतो आणि मधल्या पानांची चवडच्या चवड बाहेर येते. शिवलेलं पुस्तक हा छळ सोसतं. ओळखायचं कसं? पुस्तक मिटून कण्याकडची वरची कड बघा. घडी घातलेल्या फॉर्म्यांच्या, म्हणजे पानांच्या जुड्यांच्या, लहान लहान कमानी एकापुढे एक दिसल्या तर शिलाई आहे. सपाट कापल्यासारखं दिसलं तर ते पुस्तक लोकलच्या कामाचं नाही.

तर सुचवण्याआधी मी तीनच प्रश्न विचारतो. कधी वाचता? बसून की आडवे? आणि शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत, कितव्या पानावर? 'आवडतं पुस्तक कोणतं' हे मी चुकूनही विचारत नाही, कारण तिथे सगळा महाराष्ट्र एकमुखाने तीच पाच-सहा नावं घेतो आणि त्यातली निम्मी माणसं खोटं बोलत असतात. सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र माणूस खरं बोलतो, कारण त्यात त्याचा राग असतो. विसाव्या पानाला सोडणाऱ्याला भाषा झेपत नाही. ऐंशीला सोडणाऱ्याला पात्रांचा गोंधळ होतो, त्याला मोठा गोतावळा देऊ नये. शेवटची तीस पानं राहिली असताना सोडणारा माणूस घाबरट असतो. त्याला कुणाचं तरी मरण दिसलेलं असतं.

वेळेच्या बाबतीत लोक स्वतःची फसवणूक फार करतात. "रोज रात्री अर्धा तास वाचतो" असं म्हणणारा माणूस कागदावर वीस पानं वाचतो. प्रत्यक्षात आठ, आणि त्यातली चार झोपेत वाचलेली असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी पानांना सरळ आठाने भागतो. 'मृत्युंजय' घेतलंत तर तीनेक महिने लागतील, हे आधीच सांगून टाकावं. शिवाय त्यात निवेदक बदलत जातात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे एकेक जण आपापल्या बाजूने बोलतात, तेव्हा एकाचा कंटाळा आला तर पुस्तक सोडायचं नाही, माणूस बदलायची वाट बघायची. एवढं एक वाक्य सांगितलं तर सोडणाऱ्यांपैकी बरेच जण तगतात.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगतो. शीर्षकात! मराठी लेखकांनी आपल्या पुस्तकांना इतकी भारदस्त नावं देऊन ठेवली आहेत की नुसतं नाव सांगून निघून जाणं हा गुन्हा ठरावा. दिवसभर बातम्यांचे चॅनेल लावून बसणाऱ्या काकांना 'सत्तांतर' असं नाव सांगा, त्यांचे डोळे चमकतात. आमदार, फुटीर गट, मध्यरात्रीच्या बैठका! घरी जाऊन उघडतात तर व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्या आणून बसवलेल्या. पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे हे काकांना समजावून उपयोग नसतो. त्यांना गटनेता हवा असतो आणि तो त्यांना मिळालेलाही असतो, फक्त शेपटीसकट. खरं तर वानरांकडे वानर म्हणून बघता बघता मध्येच काकांना कुणाकुणाचे चेहरे दिसायला लागतील. पण ते आधी सांगितलं तर मजा जाते आणि नाही सांगितलं तर काका पाचव्या पानावर गळतात.

तीच गत 'रणांगण'ची. विश्राम बेडेकरांची ही १९३९ सालची शे-सव्वाशे पानांची कादंबरी सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला मोठ्या उत्साहाने दिली जाते. त्यात तोफ नाही, खंदक नाही. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट आहे, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत आणि चक्रधर-हॅर्टा यांचं असं प्रेम आहे की ज्याला बंदर सापडत नाही. हे पुस्तक द्यायचं तर "युद्धाबद्दल आहे" म्हणू नये, "बोटीवरची गोष्ट आहे, दोन बैठकांत होते" एवढंच म्हणावं. बाकीचं काम ते पुस्तक करतं. आणि हो, नव्याने लग्न ठरलेल्यांना देऊ नये.

प्रवासाला निघालेल्या मंडळींना 'माझा प्रवास' देण्याची पद्धतही मी बघतो. गोडसे भटजी कोकणातल्या वरसईहून दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. अफाट आहे. पण ज्याला तीर्थयात्रेत कुठे उतरावं, जेवणाची सोय कशी आहे एवढंच हवं आहे त्याने हे गाडीत उघडलं तर तो पुढच्या स्टेशनवर उतरून परत फिरेल. हे परतीच्या प्रवासात द्यावं.

तरुण मंडळींत अलीकडे 'तुंबाडचे खोत'ला मागणी आली आहे. मला आधी भरून आलं. मग लक्षात आलं की हे सगळे २०१८ च्या 'तुम्बाड' चित्रपटातला खजिना शोधत आलेत. श्री. ना. पेंडशांच्या दोन खंडांत कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या आहेत. तरी द्यावं, पण पहिला खंडच द्यावा. दोन्ही एकदम दिले की हमखास दुसरा आधी उघडला जातो, आणि कोण कुणाचा नातू हे कळेपर्यंत वाचकाच्या स्वतःच्या नातवाची मुंज येते.

कुणाला काय द्यावं हे अजिबात सुचेनासं झालं की माझ्याकडे दोन हुकमी पत्ते आहेत. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' म्हणजे सुचवणाऱ्यांचा वरणभात. १९८१ पासून ते कुणाच्या पोटाला बाधलेलं नाही. अडचण एकच, ते समोरच्याच्या घरी आधीच असतं. बक्षीस समारंभात मिळालेली एक प्रत आणि त्याच समारंभात भावाला मिळालेली दुसरी. दुसरा पत्ता 'बनगरवाडी'. "मला काहीही चालतं" असं म्हणणाऱ्याला, म्हणजे ज्याने दहा वर्षांत काहीही वाचलेलं नाही त्याला, हे द्यावं. पानं दीडशेच्या आत, वाक्यं छोटी, माणदेशातल्या धनगरवाडीवर नेमणूक झालेला पोरगेला मास्तर आणि त्याची शाळा. तीन रविवारांत होतं. झालं की माणूस स्वतःहून पुढचं मागतो, आणि आपला त्रास दुप्पट होतो.

'श्यामची आई' मात्र सुचवण्यात नाही, शिक्षेत मोडते. पोराने उलट उत्तर दिलं की आई कपाटातून काढून त्याच्या पुढ्यात टाकते. अशाने कुठलं पोर वाचेल? साने गुरुजींनी त्याच्या बेचाळीस रात्री केल्या आहेत, तर रोज एक रात्र वाचून दाखवावी. वाचणाऱ्यानेच आधी डोळे पुसायची तयारी ठेवावी, पोरं सहसा नंतर रडतात.

वाचनालयातून घेणाऱ्यांना मी नावापेक्षा युक्ती सांगतो. पुस्तक मिटून समोरची कड उजेडात धरा. कड कुठपर्यंत मळली आहे ते बघा. पहिली चाळीस पानं तपकिरी आणि पुढची दूधपांढरी असतील तर गावातला प्रत्येक सभासद चाळिसाव्या पानावर गळला आहे, तुम्ही वेगळे नाही. शेवटपर्यंत सारखीच मळलेली कड म्हणजे अस्सल शिफारस. मागे चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असले तर तेही वाचावेत. नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी परत आलेलं पुस्तक एक तर विलक्षण असतं किंवा असह्य. ते ठरवायला समासातली पेन्सिल बघायची. तिथे 'फालतू!' लिहिलेलं असेल आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात 'फालतू तू' असेल, तर पुस्तक ताबडतोब घरी आणावं.

सुचवून झालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "तुमच्याकडे आहे का? देता का चार दिवस?" व्हॉट्सॲपवर विचारणारे "पीडीएफ आहे का" म्हणतात, त्यांच्याशी मी बोलत नाही. पण दारात उभ्या असलेल्या मावशींना नाही कसं म्हणणार? तेव्हा द्यायचं कसं याचीही रीत आहे. वहीत नाव लिहून ठेवणं निरुपयोगी, कारण वही दाखवायला धीर लागतो. पुस्तक हातात धरलेल्या मावशींचा हसरा फोटो काढावा. पुढे तीन महिन्यांनी तोच फोटो "किती छान आलाय!" म्हणून पाठवता येतो, भांडण होत नाही. पुस्तकाला वर्तमानपत्राचं नाही, जाड खाकी कागदाचं कव्हर घालावं, हळद आणि चहाचं वर्तुळ त्यावरच थांबतं. आत एक पट्टी खूण म्हणून घालून द्यावी, नाहीतर पानाचा कान दुमडला जातो, किंवा कंगवा सापडतो. "वाचलंत का?" हे पानांच्या अष्टमांशाइतके दिवस गेल्याशिवाय विचारू नये. आधी विचारलं तर मावशी पुस्तक वाचत नाहीत, तुम्हाला टाळतात.

आणि सही. पहिल्या पानावर नाव घालणारे भोळे असतात. ते पान आपोआप फाटतं. वाचनालयं आपला शिक्का पहिल्या पानाशिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही मारतात, ती युक्ती उचलावी. एक आकडा कायमचा ठरवून टाकायचा, समजा सदतीस, आणि प्रत्येक पुस्तकाच्या त्या पानावर आतल्या बाजूला, शिलाईलगत, बारीक पेन्सिलीने आद्याक्षरं घालायची. कुणाला सांगायचं नाही.

कारण पुस्तक मावशींकडे थांबत नाही. मावशी त्यांच्या विहिणीला देतात, विहीणबाई भिशीतल्या मैत्रिणीला, मैत्रिणीकडून ते तिच्या दिरांकडे जातं. वर्ष-दीड वर्षाने कुठल्याशा मुंजीत शेजारच्या पानावर बसलेले एक अनोळखी गृहस्थ आपल्याकडे वळतात आणि म्हणतात, "तुम्ही वाचता ना? मग हे वाचाच. असं पुस्तक तुम्ही पाहिलं नसेल." आणि पिशवीतून खाकी कव्हरचं काहीतरी काढतात.

अशा वेळी घाईने काही बोलायचं नाही. हात पुसायचे. सावकाश सदतिसावं पान उघडायचं, शिलाईलगत बघायचं, पुस्तक मिटायचं आणि चेहरा शक्य तितका भोळा ठेवून विचारायचं,

"देता का चार दिवस?"