घाम गाळून कातडी आटत नाही, काका

नमस्कार काका,

‘पोटाची चरबी काढून घेणं हे आळशी श्रीमंतांचे चोचले. घाम गाळा, फुकटात उतरेल. आणि हा लेख म्हणजे दवाखान्याची जाहिरात,’ असं तुम्ही पोटाच्या ऑपरेशनांवरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. सत्तरीतही रोज सूर्यनमस्कार घालता म्हटल्यावर चार शब्द सुनवायचा हक्क तुम्हाला आहेच.

लायपोसक्शनपुरतं, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्यापुरतं, तुमचं निम्मं म्हणणं मान्य. तो वजन उतरवण्याचा उपाय नाहीच. नळी फिरते ती कातडीखाली. मधुमेहाला आवतण देणारी आतड्यांभोवतीची चरबी जागची हलत नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 15 लठ्ठ बायकांची प्रत्येकी साधारण 10 किलो चरबी काढली होती. अडीच-तीन महिन्यांनी पाहिलं तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं होतं तिथेच! ऑपरेशन झाल्यावर नातेवाईक मात्र बरणीकडे बघून ‘किती किलो निघाली?’ विचारतात. वर पिवळी चरबी, खाली लालसर पाणी, आणि त्या पाण्यातलं बरंचसं आम्हीच आधी टोचलेलं सलाइन.

पण टमी टकही, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून काढण्याचं ऑपरेशनही, तुम्ही त्याच माळेत ओवलंत, ते पटलं नाही. चाळीस-पन्नास किलो उतरवून माणसं येतात, कुणी वजन उतरवण्याचं बॅरिआट्रिक ऑपरेशन करून, कुणी नुसत्या डाएट-व्यायामावर. घाम गाळून झालेला असतो, उरते ती लोंबती कातडी. वर्षानुवर्षं ताणून सैल पडलेली ही कातडी कितीही सूर्यनमस्कार घातले तरी आत ओढली जात नाही. तपासताना बाई दोन्ही हातांनी पोटाची घडी उचलून धरते, तेव्हा खाली लालभडक ओला पट्टा दिसतो. पावडरीचे गोळे झालेले, घडीत सुती रुमाल कोंबलेला. मलमाने बुरशी जाते, उन्हाळा लागला की परत हजर. याला चोचले म्हणायचं?

राहिली जाहिरात. या कमरेपासून त्या कमरेपर्यंतचा व्रण, बेंबीसाठी पाडावं लागणारं नवं भोक, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका, हे सगळं त्याच लेखात आहे. जाहिरातीत कोण लिहितं हो असलं? वजन सहा महिने स्थिर नसेल किंवा सिगारेट सुटत नसेल, तर मी पेशंटला परत पाठवतो.

राग काढायचाच तर विम्याच्या नियमांवर काढा. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची प्लास्टिक सर्जरी विम्यात बसते. बाकीच्यांनी वैद्यकीय गरज सिद्ध करायची, म्हणजे त्या लाल पट्ट्याचे फोटो काढून फाइलला जोडायचे.