समाजसेवेमुळे मंडळी फुटली, असे म्हणणाऱ्यांना

"मंडळीने समाजसेवेत हात घातला आणि तेव्हापासून ती फुटत गेली." मंडळी म्हणजे चर्च. हे वाक्य ख्रिस्ती लोकांमध्ये वर्षानुवर्षे फिरते आहे. कधी संदेशातून येते, कधी थेट व्यासपीठावरून. त्याला बहुतेक वेळा चार गोष्टी जोडलेल्या असतात. आरंभीची मंडळी केवळ देवाचे वचन सांगत होती. गरिबांचे, मजुरांचे, हक्कांचे विषय विसाव्या शतकातल्या उदारमतवाद्यांनी, म्हणजे बायबलचा अर्थ आधुनिक विचारांच्या कलाने लावणाऱ्यांनी आणले. त्या विषयांपायी मोठमोठ्या मंडळ्यांचे तुकडे झाले. आणि ज्यांनी त्यात पाय घातला नाही, ते एकजूट राहिले. शेवटी सल्ला असतो, की मंडळीने तारणाचे बोलावे, बाकीचे सरकार पाहून घेईल.

हे पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मला वाटत नाही. मंडळी फुटते तेव्हा वर्षानुवर्षे एका बाकावर बसलेली माणसे एकमेकांच्या मयतीलाही जाईनाशी होतात. ते दुःख खरे आहे, आणि त्याला कारण शोधावेसे वाटणेही साहजिक आहे. पण इथे शोधलेले कारण चुकीचे आहे, आणि त्या चुकीच्या कारणाचा भार भुकेल्या माणसावर येतो. म्हणून मुद्दे एकेक करून पाहू.

"आरंभीची मंडळी केवळ वचन सांगत होती"

यासाठी नेहमी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुढे केला जातो. वचन सोडून पंक्तिसेवा करणे आम्हाला योग्य नाही, असे प्रेषित तिथे म्हणतात. संदेश इथेच थांबतो. अध्याय मात्र पुढे चालू राहतो.

झाले असे होते, की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जात होते आणि त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. म्हणजे मंडळीतले पहिले नोंदलेले गटातटाचे भांडण अन्नावरूनच झाले, हे मान्यच आहे. आता प्रेषितांनी काय केले ते पाहा. वाटप बंद केले नाही. कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे सात जण निवडायला सांगितले, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि काम त्यांच्या स्वाधीन केले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव ही सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या बाजूने तक्रार आली, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटप गेले. मूळ ग्रीकमध्ये वचनाच्या सेवेला आणि या वाटपाला शब्दही एकच आहे, दियाकोनिया. आणि पंक्तिसेवेला नेमलेला हाच फिलिप्प दोन अध्याय पुढे शोमरोनात सुवार्ता सांगताना दिसतो. एका माणसाच्या हातून दोन्ही कामे होत होती.

पुढच्या काळातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. इ. स. २५१च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस याने अंत्युखियाच्या बिशपाला लिहिलेल्या पत्राचा भाग मंडळीचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवला आहे. रोमच्या मंडळीत ४६ वडील (पाळक) आणि ७ डीकन (सेवेचे काम पाहणारे) आहेत आणि १५००हून अधिक विधवा व गरजू लोकांचे पोषण मंडळी करते, असे त्यात आहे. हे पत्र लिहिले गेले ते मात्र एका फुटीच्या निमित्ताने. छळाच्या काळात विश्वास नाकारलेल्यांना परत घ्यावे की नाही, यावरून रोमच्याच नोव्हेशन नावाच्या वडिलाने (पाळकाने) वेगळा गट काढला होता. दीड हजार लोकांना जेवू घालणारी मंडळी फुटली, आणि फुटली ती क्षमेच्या प्रश्नावर. विधवांच्या भाकरीवरून कोणी उठून गेले नाही.

शंभरेक वर्षांनी सम्राट ज्युलियन, जो स्वतः ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, आपल्या पुजाऱ्याला चिडून लिहितो की हे लोक त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची साक्ष आहे ही. आणखी काय हवे?

"हे विषय उदारमतवाद्यांनी आणले"

मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली उदारमतवादी होता असे कोणी म्हणणार नाही. नव्या जन्माचा संदेश देत घोड्यावरून इंग्लंड पालथे घालणाऱ्या या माणसाने १७४६ साली लंडनमध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना उघडला, १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि १७९१ साली, मरणाच्या सहा दिवस आधी, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स याला पत्र लिहून या लढ्यात मागे हटू नको म्हणून सांगितले. अमेरिकेत चार्ल्स फिनी हा संजीवन सभांचा सर्वांत गाजलेला उपदेशक. न्यूयॉर्कच्या आपल्या मंडळीत त्याने १८३०च्या दशकात गुलाम बाळगणाऱ्यांना प्रभुभोजन नाकारले.

आणि मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी. विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी १८६५ साली पूर्व लंडनमध्ये काम सुरू केले ते आत्मे जिंकण्यासाठी. पण ज्या वस्तीत ते उभे होते, तिथे आगपेट्यांचे कारखाने होते आणि त्यांतल्या पिवळ्या फॉस्फरसच्या वाफेने बायकांच्या जबड्यांची हाडे कुजत होती. १८९१ साली मुक्तिफौजेने स्वतःचा आगपेट्यांचा कारखाना काढला. तिथे निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस वापरायचा आणि बारा डझन पेट्यांना चार पेनी मजुरी द्यायची, इतर ठिकाणी मिळे त्याहून जास्त. आदल्याच वर्षी बूथने लिहिले होते, की लंडनमध्ये गाडीचा घोडा पडला तर त्याला उठवतात, आणि जिवंत आहे तोवर त्याला चारा, निवारा व काम मिळते. माणसाला निदान एवढे तरी मिळावे. यात कुठला उदारमतवाद? कुजलेला जबडा घेऊन प्रार्थनेला आलेल्या बाईपुढे उभे राहून तारणावर बोलणाऱ्याला हे सुचणारच.

राउशेनबुश याचे नाव तर शिवीसारखे घेतले जाते, 'सामाजिक सुवार्ते'चा, म्हणजे सुवार्ता समाजातल्या अन्यायालाही लागू करणाऱ्या विचाराचा बाप म्हणून. तो १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका दरिद्री वस्तीतल्या जर्मन बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. तिथे त्याला हलवून सोडले ते लहान मुलांच्या अंत्यविधींनी. एकामागून एक छोट्या शवपेट्या. त्याच काळात तो प्रसिद्ध अमेरिकन सुवार्तिक मूडी याचा गायक सँकी याच्यासोबत सुवार्तेच्या गीतांचे जर्मन पुस्तक तयार करत होता, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याच्या पुढच्या लिखाणातल्या पापाच्या आणि देवाच्या राज्याच्या मांडणीशी माझे सगळे पटते असे नाही. पण त्याचा प्रश्न ग्रंथालयात बसून सुचलेला नव्हता.

"त्या विषयांमुळेच तुकडे झाले"

हा खरा कळीचा मुद्दा, आणि इथे थोडे थांबायला हवे.

अमेरिकेतल्या तीन मोठ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकोणिसाव्या शतकात दुभंगल्या. मेथडिस्ट १८४४ साली, एका बिशपाकडे गुलाम होते म्हणून. बॅप्टिस्ट १८४५ साली, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे का यावरून. दक्षिणेकडच्यांनी जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी आपली वेगळी संघटना स्थापन केली. प्रेस्बिटेरियनांमध्ये अखेरची फाटाफूट १८६१ साली झाली, आणि दक्षिणी मंडळी जन्मली तीही त्याच ऑगस्टात. वरवर पाहिले तर संदेशाचा दावा खरा वाटेल: सामाजिक प्रश्न आला आणि मंडळी फुटली.

पण प्रश्न आणला कोणी, आणि टाळत कोण होते? मेथडिस्टांनी १७८४ साली नियम केला होता, की सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत. विरोध झाला आणि वर्षाच्या आत तो नियम बाजूला ठेवला गेला. एकी टिकावी म्हणून. पुढची साठ वर्षे गप्प राहण्यात गेली, आणि त्या साठ वर्षांत बिशपाच्या घरापर्यंत गुलामगिरी पोचली. वेळेवर बोलले असते तर मूठभर लोक सोडून गेले असते. बोलले नाहीत म्हणून अर्धी मंडळी गेली.

ऑगस्टाच्या १८६१च्या सभेत थॉर्नवेल या विद्वान धर्मशास्त्र्याने जे निवेदन मांडले, त्याचा गाभा आजच्या संदेशाशी हुबेहूब जुळतो. मंडळी ही आत्मिक संस्था आहे, गुलामगिरी हा नागरी व्यवस्थेचा प्रश्न, त्यावर मंडळीने निकाल देऊ नये. 'मंडळीचे आत्मिक स्वरूप' ही शिकवण तिथे अशी वापरली गेली, आणि ती वापरली त्यांनी ज्यांच्या शेतात, ज्यांच्या स्वयंपाकघरात गुलाम राबत होते. ते प्रेस्बिटेरियन पुन्हा एक झाले १९८३ साली, १२२ वर्षांनी. आणि दक्षिणी बॅप्टिस्टांनी १९९५ साली गुलामगिरीच्या पाठराखणीबद्दल क्षमा मागितली. मंडळी बोलली म्हणून मागावी लागलेली ती क्षमा नव्हती.

आता संदेशाला जिथे खरोखर आधार आहे, ते सांगतो. १९३२ साली अमेरिकेत परदेशी मिशनकार्याचा एक मोठा अहवाल निघाला. दवाखाने आणि शाळा सुवार्तेपासून वेगळ्या कराव्यात, असा त्याचा रोख होता. अनेक विश्वासणाऱ्यांना वाटले की आता मिशनमधून ख्रिस्तच वगळला जातो आहे, आणि ती भीती पोकळ नव्हती. मॅकन या प्रेस्बिटेरियन धर्मशास्त्र्याने १९३३ साली स्वतंत्र मिशन मंडळ काढले, त्याच्यावर कारवाई झाली, आणि १९३६ साली नवी मंडळी उभी राहिली. तसेच जागतिक चर्च परिषदेचे. तिने १९७८ साली ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिंबाब्वेतल्या) सशस्त्र लढ्याच्या आघाडीला मदत दिली. मदत मानवतावादी कामासाठी होती असे परिषदेचे म्हणणे. पण त्याच वर्षी तिथे मुक्तिफौजेच्या दोन शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. मुक्तिफौजेने सदस्यत्व स्थगित केले आणि १९८१ साली ते सोडले. ही तक्रार रास्त होती असे मी मानतो.

मात्र लक्षात घ्या, बाहेर पडली ती मुक्तिफौज. भुकेल्यांना अन्न आणि बेघरांना छप्पर देणे हेच जिचे ब्रीद, तिला समाजसेवेचे वावडे कसे असेल? भांडण बंदुकीवरून होते. आणि मॅकनचे भांडण ख्रिस्त कोण यावरून होते. दोन्हीकडे गरिबांची सेवा करावी की नाही हा प्रश्नच नव्हता.

"जे दूर राहिले ते एकजूट राहिले"

मॅकनच्या नव्या मंडळीपासूनच सुरुवात करू. उदारमतवादी मागे राहिले, सामाजिक कार्यक्रम मागे राहिले, सगळे एका विश्वासाचे लोक. वर्षभरातच, १९३७ साली, ती फुटली. कारणे होती ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याविषयीचा मतभेद आणि मद्यपान.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण याहून जड आहे. तिथल्या डच रिफॉर्म्ड मंडळीने १८२९ साली ठरवले होते, की प्रभुभोजन सर्वांना एकत्र, वर्ण न पाहता दिले जाईल. १८५७च्या सिनडने, म्हणजे मंडळीच्या सर्वोच्च सभेने, तत्त्व तेच ठेवले, पण 'काहींच्या दुर्बळतेमुळे' वेगळ्या इमारतीत वेगळी उपासना चालेल, अशी सूट दिली. दुर्बळ म्हणजे ते गोरे, ज्यांना काळ्या माणसाच्या हातातला प्याला आपल्या ओठी लावायचा नव्हता. शांतता राखायची होती, वाद नको होता. १८८१ साली त्या सवलतीची गोरेतरांसाठी वेगळी मंडळी झाली, आणि पुढे राज्याने वर्णभेद कायद्यात आणला तेव्हा त्याला धार्मिक आधार आयता मिळाला. १९८२ साली ओटावात रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे समर्थन हा पाखंड ठरवला आणि त्या मंडळीचे सदस्यत्व स्थगित केले. त्याच वर्षी, वेगळ्या काढलेल्या मंडळीने बेल्हार येथे आपल्या विश्वासाचा कबुलीजबाब लिहिला. त्यात ख्रिस्तात एकी आणि न्याय एकत्र येतात. बाहेर काढलेल्यांनीच एकीची भाषा सांभाळली होती.

सुवार्तेवर भर देणाऱ्यांनाही हे कळले होते. इंग्लंडमधला नामवंत पाळक जॉन स्टॉट १९६६ साली बर्लिनमध्ये म्हणत होता की मंडळीला दिलेली आज्ञा फक्त उपदेशाची, शिक्षणाची आणि शिष्य करण्याची आहे. आठ वर्षांनी, जुलै १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला सुवार्ताप्रसाराच्या जागतिक परिषदेसाठी सुमारे १५० देशांतले लोक जमले. लॅटिन अमेरिकेतून आलेले रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी तिथे सरळ प्रश्न विचारले. स्टॉटच्या देखरेखीखाली झालेल्या करारात सुवार्ताप्रसार आणि सामाजिक-राजकीय सहभाग ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये म्हणून नोंदली गेली, आणि ती परस्परविरोधी मानल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त झाला. सामाजिक काम म्हणजे सुवार्ताप्रसार नव्हे, हेही त्याच परिच्छेदात स्पष्ट आहे. सुवार्तेचे काम अग्रस्थानी आहे, हे पुढच्या परिच्छेदात. ज्यांना सुवार्ता पातळ होण्याची भीती वाटते त्यांनी तो करार एकदा पूर्ण वाचावा.

आणि वाद टाळून मिळालेली एकी कशी असते, हेही नोंदीत आहे. १८४४ साली फुटलेले मेथडिस्ट १९३९ साली पुन्हा एकत्र आले. त्यासाठी तडजोड अशी झाली, की कृष्णवर्णीयांच्या मंडळ्या त्या कोणत्याही प्रांतात असोत, त्यांचा एक वेगळा विभाग करायचा. बाकीचे पाच विभाग प्रदेशांवरून आखले, हा एकच रंगावरून. कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी बहुतेकांनी विरोधात मत दिले होते. तो विभाग रद्द व्हायला १९६८ साल उजाडले.