‘परदेशी दुःखाची हौस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

थिओ अँजेलोपोलस यांच्या ‘लँडस्केप इन द मिस्ट’ (१९८८) या ग्रीक चित्रपटावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. आधी चूक कबूल करतो. समुद्रातून वर येणाऱ्या त्या अवाढव्य दगडी हाताचा अंगठा तुटलाय असं मी लिहिलं होतं. तुटलेली आहे ती तर्जनी. दुरुस्त केलंय, आभार.

पण पुढचं वाक्य लागलं. “बाप आहे की नाही हेच माहीत नसताना दोन पोरं जर्मनीच्या गाडीत बसतात, हे परदेशी दुःखाची हौस असलेल्यांनाच पटेल.” हौस? मत वेगळं आहे एवढं सांगायला हा शब्द लागतो? चित्रपट भिकार आहे म्हणा, ऐकून घेईन. माझ्या हेतूबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

१९६० साली ग्रीस आणि पश्चिम जर्मनीचा कामगारभरतीचा करार झाला आणि हजारो ग्रीक तिकडच्या कारखान्यांत गेले. त्यामुळे ‘बाबा जर्मनीत आहेत’ हे चित्रपटातल्या त्या पोरांच्या आईचं सांगणं हवेतून आलेलं नाही. पुढे मामा पोलिसांना सांगतोच, असा कुणी बाप नाही म्हणून. पोरं तरीही थांबत नाहीत. तुम्हाला पटत नाही ते हेच ना?

माझे वडील मी सहा वर्षांचा असताना मस्कतला गेले. दोन वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. आईला विचारलं की एकच उत्तर, “येतील गणपतीला.” मी दहाचा आणि धाकटी बहीण सातची असताना आम्ही मुंबईची एसटी यायच्या वेळी स्टँडवर जाऊन बसायचो. उतरणाऱ्या माणसाच्या हातातली बॅग आधी बघायची, तोंड नंतर. कुणी येणार नाही हे मला कळत होतं. कळत असूनही जायचो. चित्रपटातली ती दोन भावंडं, व्हूला आणि अलेक्झांड्रोस, रोज रात्री अथेन्सच्या स्टेशनवर जातात, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

ग्रीस आणि जर्मनीची सीमा कुठेच भिडत नाही, हे तुम्ही म्हणता ते मलाही ठाऊक आहे. नकाशा माझ्याही घरात आहे. चित्रपट ‘फार संथ’ आहे या तुमच्या तक्रारीला माझ्याकडे उत्तर नाही, नका बघू.

बर्फाचा प्रसंग मात्र ‘उगाच घुसडलेला’ म्हणू नका. बर्फ पडायला लागतो, पोलिसांसकट सगळी मोठी माणसं वर बघत जागच्या जागी थिजतात आणि ही दोघं त्यांच्यामधून पळत सुटतात. पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला बहीण माझ्या शेजारी होती. तिथे तिने माझं मनगट धरलं, ते दिवे लागेपर्यंत सोडलं नाही. तिच्यासमोर हौस हा शब्द उच्चारून दाखवा.