मार्को रॉइस अमेरिकेला ‘पेन्शन’ घ्यायला गेला नव्हता

जर्मन फुटबॉलपटू मार्को रॉइसचं नाव निघालं की एक मत हमखास पुढे येतं. ते इतक्या वेळा इकडून तिकडे पाठवलं गेलंय की आता कुणी ते तपासूनही बघत नाही. मत असं: दुखापतींनी खिळखिळा झालेला हा खेळाडू पस्तिशीला आला, शरीर संपलं, म्हणून बोरुसिया डॉर्टमुंड हा जर्मन क्लब सोडून अमेरिकेत पैसे कमवायला गेला. तिथली लीग म्हणजे पेन्शनरांची लीग. तिथे मिळालेला चषक आयता. त्याने मे २०२४ मध्ये, डॉर्टमुंडचा निरोप घेतानाच थांबायला हवं होतं. हे वाचलं की मला राग येतो, कारण त्याच्या कारकिर्दीचे साधे तपशीलसुद्धा यातल्या बहुतेक वाक्यांच्या विरोधात जातात.

आधी पैशांचं बघू. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा असते. त्या मर्यादेबाहेर जाऊन वाटेल तेवढा पगार देता येईल अशा फक्त तीन जागा एका संघाला मिळतात. डेव्हिड बेकहम २००७ मध्ये लॉस एंजेलिस गॅलेक्सीत आला तो याच सवलतीतून. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉइसने त्याच गॅलेक्सीशी करार केला तेव्हा या तिन्ही जागा भरलेल्या होत्या: रिकी पुच, गाब्रिएल पेक आणि जोसेफ पेंटसिल. म्हणजे रॉइस आला तो त्या खास जागांच्या बाहेर, लीगच्या चौकटीतल्या पगारावर. तो पगार आपल्यासारख्यांना डोळे पांढरे करणारा असेलही, पण ‘पैशासाठी गेला’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे आकडे असतात ते हे नव्हेत.

आणि पैशाचाच माणूस असता तर संधी फार आधी आली होती. डॉर्टमुंडमधून मारिओ ग्योत्झे २०१३ मध्ये बायर्न म्युनिक या जर्मन प्रतिस्पर्धी क्लबला गेला, लेवांडोव्स्की २०१४ मध्ये, हुमेल्स २०१६ मध्ये. रॉइसच्या करारात तेव्हा ठरावीक रकमेला क्लब सोडण्याची मुभा देणारं कलम होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये डॉर्टमुंड गुणतक्त्यात चक्क तळाला जाऊन पोचलं होतं. त्याच महिन्यात पंचविशीतल्या रॉइसने ते कलम काढून टाकणारा, २०१९ पर्यंतचा नवा करार केला. पैशामागे धावणारा खेळाडू संघ शेवटच्या स्थानावर असताना असं करत नाही.

आता दुखापती. इथे मला थोडं थांबावंच लागेल, कारण हा भाग खराच वेदनादायक आहे. ६ जून २०१४. माइन्झमध्ये आर्मेनियाविरुद्ध सराव सामना, दुसऱ्या दिवशी ब्राझीलला निघायचं. मध्यंतर तोंडावर आलेलं असताना रॉइसच्या घोट्याचे अस्थिबंध दुखावले आणि त्याचा विश्वचषक तिथेच संपला. महिनाभरानंतर जर्मनी जगज्जेती झाली. अंतिम सामन्यातला एकमेव गोल करणाऱ्या ग्योत्झेने मैदानावर रॉइसची २१ नंबरची जर्सी उंचावून दाखवली. २०१६ च्या युरो स्पर्धेसाठीचा अंतिम संघ जाहीर झाला तो रॉइसच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, आणि जांघेच्या दुखण्यामुळे त्यात त्याचं नाव नव्हतं. मे २०१७ मध्ये जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा क्रूसिएट लिगामेंट अंशतः फाटला. डॉर्टमुंडने तो चषक जिंकला, पण रॉइस मध्यंतरालाच बाहेर झाला होता आणि परतायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. सप्टेंबर २०२२ मध्ये शाल्केविरुद्ध पुन्हा घोटा. रडत स्ट्रेचरवरून बाहेर गेलेल्या रॉइसचा कतारचा विश्वचषकही हुकला. त्याच्याच वर्षी जन्मलेला थॉमस म्यूलर जर्मनीसाठी १३१ सामने खेळला. रॉइस ४८.

एवढं सगळं खरं आहे. पण यावरून ‘शरीर संपलं होतं’ हा निष्कर्ष निघत नाही. डॉर्टमुंडसाठी बारा हंगामांत तो ४२९ सामने खेळला आणि १७० गोल केले. म्हणजे हंगामाला सरासरी पस्तीस-छत्तीस सामने, आणि तेही लांबलचक दुखापतींचे महिने धरून. शेवटच्या हंगामात डॉर्टमुंड चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेलं. वेम्बलीवर रेआल माद्रिदविरुद्ध पस्तीस वर्षांचा रॉइस बदली खेळाडू म्हणून उतरला. संपलेल्या माणसाला प्रशिक्षक असल्या सामन्यात ७२व्या मिनिटाला मैदानात पाठवत नाही. दुसरीकडे, ज्याच्या शरीराने त्याला क्वचितच दगा दिला तो म्यूलरही एका वर्षाने त्याच लीगमध्ये, व्हँकुव्हरला गेला. परदेशी जाण्याचं कारण दुखापत हेच असतं, असं धरून चालायला मग आधार काय उरतो?

पैसा आणि दुखापत यांची गाठ किती ढिली असते ते सांती काझोर्ला या स्पॅनिश खेळाडूकडे बघितलं की कळतं. आर्सेनलमध्ये असताना घोट्याच्या शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन त्याच्या टाचेचा स्नायुबंध अक्षरशः झिजून गेला. हाताची त्वचा घोट्यावर लावावी लागली. लोक म्हणाले, आता चालला तरी पुष्कळ. तो व्हियारेआलला परतून पुन्हा स्पेनसाठी खेळला, मग कतारच्या अल साद क्लबात गेला. तिथे पैसा होता, हे मी नाकारत नाही. पण २०२३ मध्ये तो लहानपणीच्या रेआल ओव्हिएदोत, दुसऱ्या श्रेणीत, नियमाने द्यावाच लागणाऱ्या किमान पगारावर परतला आणि २०२५ मध्ये संघाला पहिल्या श्रेणीत घेऊन गेला. दुखापतींनी असाच ग्रासलेला इंग्लंडचा जॅक विल्शरही २०२२ मध्ये डेन्मार्कच्या आरहूसला गेला. ते जमलं नाही, काही महिन्यांत त्याने निवृत्ती घेतली. पण डेन्मार्कला कुणी गडगंज व्हायला जात नाही. त्याला खेळायचं होतं, एवढंच.

‘पेन्शनरांची लीग’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका सहज का पटतो, हे मला समजतं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एकेकाळी युरोपात गाजलेले खेळाडू, चाळिशीचा रॉबेर पिरेस गोव्याकडून, त्रेझेगे पुण्याकडून, युंगबर्ग मुंबईकडून उतरले. पिरेस तर तीन वर्षं कुठल्याच क्लबकडून खेळला नव्हता. फातोर्डा किंवा बालेवाडीत बसून ते सामने पाहिलेल्यांच्या मनात उतारवयातल्या परदेशी खेळाडूचं तेच चित्र पक्कं झालं. पण ते आकर्षण म्हणून, काही आठवड्यांसाठी केलेले करार होते. रॉइसने दोन-अडीच वर्षांचा करार केला, तोही युरोपातला हंगाम संपल्यावर लगेच. दोन्हींना एकाच तागडीत टाकणं अन्यायाचं आहे.

अमेरिकेतली लीग सोपी आहे, हेही अर्धवट माहितीवर बोललं जातं. दर्जा जर्मनीच्या बुंडेसलीगाचा नाही, हे उघड आहे. पण हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. परक्या मैदानावरच्या सामन्यासाठी चार-पाच तासांचा विमानप्रवास नेहमीचा. सिएटल, पोर्टलंड, अटलांटा, व्हँकुव्हर अशा कित्येक ठिकाणी कृत्रिम गवत. गुडघे-घोटे एकदा दुखावलेल्या खेळाडूला ते गवत किती जाचतं, हे कुठल्याही फिजिओला विचारा. आरामच हवा होता तर यापेक्षा बऱ्या जागा होत्या.

चषक आयता मिळाला, या म्हणण्यात काही तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. ७ डिसेंबर २०२४ ला गॅलेक्सीने न्यूयॉर्क रेड बुल्सला २-१ हरवून सहाव्यांदा लीग जिंकली, तेव्हा रॉइस पहिल्या अकरात नव्हता. जखमी पुचच्या जागी खेळलेला गास्तोन ब्रुगमान सामनावीर ठरला. ते विजेतेपद रॉइसने एकहाती आणलं असं कुणी म्हणत असेल तर तेही चूकच. पण ऑगस्टमध्ये अटलांटाविरुद्ध बदली म्हणून उतरून पहिल्याच सामन्यात एक गोल करणारा आणि दुसरा घडवणारा खेळाडू फुकटात बसून होता, असंही म्हणता येत नाही.

आणि त्यापुढचं वर्ष बघा, जे या मतात कधीच येत नाही. २०२५ ची सुरुवात गॅलेक्सीसाठी भयानक झाली. लीगमधल्या पहिल्या सोळा सामन्यांत एकही विजय नाही, हा लीगचा नकोसा विक्रम. पुच वर्षभर बाहेर. आयत्यावर आलेल्या माणसाने अशा वेळी काय केलं असतं, ते प्रत्येकाने ठरवावं. रॉइसने मे महिन्यात शहरातल्याच लॉस एंजेलिस एफसीविरुद्ध दोन गोल करून २-२ अशी बरोबरी मिळवून दिली.

उरलं ते ‘मे २०२४ मध्येच थांबायला हवं होतं’. डार्मश्टाटविरुद्धच्या निरोपाच्या सामन्यात रॉइसने फ्री किकवर गोल केला, डॉर्टमुंड ४-० जिंकलं, त्याने भरल्या स्टेडियमला स्वतःच्या पैशाने बिअर पाजली. शेवट म्हणून याहून सुंदर काय, असं चाहत्याला वाटणं मी समजू शकतो. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं. पण तो शेवट आपल्याला सुंदर वाटतो, म्हणून त्याने खेळणं सोडावं? दोन विश्वचषक, एक युरो, अर्धा गुडघा आणि कित्येक महिने ज्याच्याकडून दुखापतींनी हिरावून घेतले, त्याला पस्तिसाव्या वर्षी पाय शाबूत असताना अजून दोन हंगाम खेळावंसं वाटलं, तर त्यासाठी त्याने आपली परवानगी का घ्यावी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.