बेचाळिसाव्या वर्षी गेटचा फॉर्म

गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला. नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेत एम.टेक. करायचं आहे, जलसंपदा अभियांत्रिकीत. घरात नवऱ्याला, मुलीला आणि आईलाच माहीत होतं, आज सगळ्यांना सांगते.

मी सिव्हिल इंजिनियर, बी.ई. २००५ ची. तेव्हापासून खासगी नोकरी. रस्ते, नाल्या, पुलिया, एस्टिमेट, बिलं. काम येतं मला, आणि ते आवडतंही. मग पुन्हा कॉलेज कशाला, हे आईनं विचारलं तसं तुम्हीही विचाराल.

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून घरांत शिरली. माझी मावशी अंबाझरी ले-आउटमध्ये तळमजल्यावर राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले तेव्हा फ्रिज आडवा पडलेला, गाद्या चिखलात, भिंतीवर कमरेच्या वरपर्यंत ओल. मावशी पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "तू तं इंजिनियर हायेस ना गं, मंग सांग बरं, पाणी घरात कसं आलं?"

मी म्हटलं, "तलाव भरून वाहिला, मावशी."

"तलाव तं मी लग्न होऊन आली तवापासून हाय. मंग आताच कसं?"

तिनं मला दोष दिला नव्हता, खरंच विचारलं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जे थोडंफार येत होतं ते असं: नालीचा आकार काढताना आम्ही पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि एक गुणांक यांचा गुणाकार करतो. पडलेल्या पाण्यातलं किती वाहून जाणार, ते हा गुणांक सांगतो. सपाट गवताळ जमिनीला तो ०.२ च्या आसपास, काँक्रीटला ०.९ पर्यंत. म्हणजे अंगण, मोकळा प्लॉट, मातीची कडा सिमेंटखाली गेली की त्याच पावसाचं चौपट पाणी नालीकडे धावतं. आपल्या शहरातले सिमेंट रोड आठवा. कितीतरी ठिकाणी रस्ता घराच्या ओट्यापेक्षा उंच झालाय. मीही असे रस्ते केलेत.

पण हे सूत्र लहान क्षेत्रासाठी. वर तलाव आहे, तो किती वेळात भरतो, सांडव्यावरून किती पाणी सुटतं, खालच्या पुलापाशी ते तुंबतं का, याला ते पुरत नाही. त्यासाठी पूर पुढे कसा सरकतो याचं गणित हवं, संगणकावरचं मॉडेल हवं. पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं केंद्र सरकारचं मॅन्युअल २०१९ मध्ये आलं. मी ते उघडलं २०२३ च्या पुरानंतर. चार वर्षं ते होतं आणि मी जुन्याच पद्धतीनं आकडे टाकत होते, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावर, जलविज्ञानाचा बारा आठवड्यांचा कोर्स केला. शिकायला फुकट होता, परीक्षेला हजार रुपये लागले. तुम्ही मास्टर्सचा विचार करत असाल तर आधी असं काहीतरी करून बघा, मनापासून सांगते. नोकरीनंतर रात्री दहाला बसून असाइनमेंट सोडवताना कळतं, की आपल्याला विषय हवाय की फक्त बदल हवाय. मला विषय हवा होता. नदीतल्या पाण्याचं मॉडेल करणारं हेक-रास हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून नाग नदीचा एक तुकडा मांडला. चित्र सुंदर आलं, पण ते बरोबर आहे की चूक, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यासाठी मला वर्ग हवाय, गाइड हवाय, माझं चुकलं की खोडणारा माणूस हवाय.

ऑफिसमध्ये विचारलं, की स्पॉन्सर्ड सीटसाठी, म्हणजे कंपनीनं पाठवलेल्या उमेदवाराच्या जागेसाठी, रजा आणि पत्र मिळेल का. साहेब म्हणाले, "दोन वर्षं कोण सोडतं मॅडम? एखादं ऑनलाइन एमबीए करून घ्या, प्रोफाइलला बरं दिसेल." पगार चालू ठेवून एमबीए करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. कुणाला प्राध्यापक व्हायला एम.ई. लागतं, कुणाची बढती अडलेली असते, ती कारणं पक्की आहेत. पण नुसतं बरं दिसावं म्हणून दोन वर्षं द्यावीत, हे मला पटत नाही. चाळिशीत घरात आपली गरज असते, आईवडील थकलेले असतात.

पैशाचं सांगते, कारण त्यावर कुणी बोलत नाही. माझा पगार पासष्ट हजार. दोन वर्षांचे १५ लाख ६० हजार. गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड, म्हणजे दोन वर्षांत २ लाख ९७ हजार ६००. मधलं अंतर साडेबारा लाखांच्या वर. फी वेगळी. हे आकडे मी आणि नवऱ्यानं वहीत मांडले आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "फ्लॅटचे हप्ते दोन वर्षांत संपून राहिले ना?"

तिथून वाट निघाली. गेटला वयाची अट नाही आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. मुलगी अकरावीत आहे. येत्या फेब्रुवारीत पेपर देईन, तिची बारावी होईल, हप्ते संपतील, मगच प्रवेश घेईन. आत्ता राजीनामा नाही. आईला हे पटलेलं नाही. "या वयात हे काय काढलं बाप्पा" एवढंच म्हणते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन याच काळात निघालं तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मला रोज टोचतं.

तोवर एक काम सुरू केलंय. मॉडेल खरं आहे का, हे पुराच्या खुणांवरून तपासतात. मावशीनं घर रंगवलं तेव्हा दाराच्या चौकटीजवळचा वीतभर पट्टा तसाच ठेवायला लावला मी. त्यावर पाणी चढल्याची खूण आहे, जमिनीपासून ११२ सेंटिमीटर. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, कुठंही तुमच्या भिंतीवर त्या रात्रीची खूण उरली असेल, तर रंग मारायच्या आधी टेप लावून मोजा आणि फोटो मला इनबॉक्सात पाठवा. पाणी साधारण किती वाजता चढलं तेही लिहा.